सातपुड्याच्या पायथ्यानं सायकल : खानदेशातली निवांत वाट कशी निवडावी

मी ३१ वर्षं चोपडा तालुक्यात सायकलवर टपाल वाटलं. मनिऑर्डरी, राख्या, जमिनीच्या नोटिसा, नोकरीचे कॉल. रोजचे २५-३० किलोमीटर व्हायचे. निवृत्त झालो तेव्हा खात्याची पिशवी परत केली, पण सायकल सोडवली नाही. आता माझा भाचा पुण्याहून मित्रांना घेऊन येतो, मोबाइलवर नकाशा उघडतो आणि विचारतो, "मामा, कोणत्या रस्त्यानं जाऊ?" नकाशा त्याला दर वेळी बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ताच दाखवतो. शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर अशी सगळी मोठी गावं त्याच रस्त्यावर आहेत, म्हणून तो सोपा वाटतो. पण केळीचे ट्रक, एसट्या, उसाचे ट्रॅक्टर सगळे त्यावरूनच जातात. समोरून दोन ट्रक एकदम आले की सायकलवाल्याला मुरमात उतरावं लागतं. त्या रस्त्यानं जाऊन कोणी खानदेश पाहिला असं मी मानत नाही.

भाच्याला जे सांगितलं, तेच इथं लिहितो.

आधी नदी बघा, मग रस्ता

खानदेशाची रचना समजली की रस्ता आपोआप सापडतो. उत्तरेला सातपुडा, मधून तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. सातपुड्यातून अनेर, सुकी, मोर, गोमाई अशा नद्या उतरतात आणि थोडं अंतर कापून तापीला मिळतात. त्यामुळे गावांच्या साधारण तीन ओळी झाल्या आहेत. एक तापीच्या काठाची, एक मोठ्या रस्त्याची आणि एक डोंगराच्या पायथ्याची. तिसऱ्या ओळीतल्या गावांना जोडणारे बारीक डांबरी रस्ते सायकलसाठी धरायचे. एखादी नदी आडवी आली की तिच्या काठानं डोंगरात जेवढी वाट जाते तेवढं आत जायचं, देऊळ नाहीतर झरा बघायचा आणि परत पायथ्याला यायचं.

हा पायथ्याचा रस्ता सलग नाही. मधे मधे चार-पाच किलोमीटर मोठ्या रस्त्यावर यावंच लागतं. ते तुकडे सकाळी लवकर पार करा. दुपारनंतर केळी भरलेल्या गाड्या निघतात, तेव्हा त्या रस्त्यावर नसलेलं बरं.

रस्ता निवांत आहे की नाही, हे ओळखायची माझी खूण एकच आहे. पारावर बसलेल्या माणसाला विचारायचं, "इथं एसटी किती येळा येते?" दिवसातून दोनदा म्हणाला तर बिनधास्त जा. तासाला येते म्हणाला तर दुसरा रस्ता विचारा. किती लांब आहे ते मात्र त्याला विचारू नका. आता सगळ्यांच्या बुडाखाली मोटरसायकल आहे, जो तो "हे काय, पाच मिनिटं" म्हणतो. त्यापेक्षा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा फलक शोधा, रस्त्याची लांबी त्यावर लिहिलेली असते.

कधी निघायचं

कोजागरीपासून होळीपर्यंत. त्याच्या अलीकडे काळ्या मातीचा चिखल असतो आणि पलीकडे ऊन. काळी माती ओली असताना शेतरस्त्यानं गेलात तर मडगार्ड आणि चाकाच्या मधे ती अशी गच्च बसते की चाक फिरत नाही. काडीनं खरवडत बसावं लागतं. मी एका भादव्यात चार किलोमीटर सायकल खांद्यावर आणली आहे.

उन्हाचं मात्र मी हात जोडून सांगतो. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि एप्रिलही काही कमी नसतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा एप्रिलात दुपारी दोन वाजता एक बाटली पाण्यावर निघालो. अर्ध्या वाटेत पायाला गोळे आले, डोळ्यापुढं अंधारी आली आणि घाम यायचा थांबला. केळीच्या बागेत ठिबकची नळी बघणाऱ्या एका माणसानं मला सावलीत ओढलं, अंगावर पाणी ओतलं, मीठ-साखर घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. त्याच्यामुळे वाचलो. घाम थांबणं हे थंड झाल्याचं लक्षण नाही, ती धोक्याची खूण आहे. तेव्हापासून थंडीतसुद्धा तीन लिटर पाणी आणि कागदात गुंडाळलेलं मीठ माझ्याबरोबर असतं.

थंडीत आणखी एक लक्षात ठेवा. रात्रभर गार झालेली हवा डोंगरावरून दरीतून खाली वाहते. पहाटे दरीत शिरलात तर ती समोरून अंगावर येते, बोटं बधिर होतात. ऊन वर आलं की वारा उलटा फिरतो आणि चढाला पाठीशी येतो. म्हणून पहाट पायथ्याच्या रस्त्यावर घालवा आणि दरीत शिरायचं ते नऊनंतर.

सायकल

महागडी लागत नाही. गिअर असले तर पाल आणि तोरणमाळच्या चढाला सोपं जातं, बाकी सगळं मी बिनगिअरच्या काळ्या सायकलवर केलं आहे. टायर मात्र जाड हवा, ३५ मिलिमीटरच्या खाली नको. बांधाबांधाला बाभूळ आहे आणि शेतातून काढलेल्या काट्या रस्त्यावर पडलेल्या असतात. शिवाय गोखरू, म्हणजे सराटा. कडेच्या गवतावर सायकल टेकवली की चार-पाच काटे टायरमध्ये घेऊनच ती उठते. गोखरूचा काटा दिसला म्हणून लगेच उपटू नका. तो भोक बुजवून बसलेला असतो, उपटला की हवा जाते. सावली आणि पाणी असेल तिथपर्यंत जा, मग काढा.

दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, घासपेपर, टायर काढायचे दोन चमचे आणि हातपंप एवढं घ्या. नव्या सायकलींना बारीक व्हॉल्व्ह असतो, त्याला गावातल्या दुकानाचा पंप बसत नाही. पितळेचा एक छोटा अडाप्टर मिळतो, तो आधीच घेऊन व्हॉल्व्हच्या टोपीजवळ ठेवा. भाच्याचे मित्र धानोऱ्यात यासाठी दोन तास अडकले होते. दुकानदाराची पूर्ण इच्छा होती, पण हवा जाईना.

सामान पाठीवर घेऊ नका. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या लटकवा आणि जड वस्तू तळाला ठेवा. टपालाच्या पिशवीनं मला हे पहिल्या महिन्यातच शिकवलं. वजन एका अंगाला झालं की उतारावर हँडल थरथरतं.

चोपडा ते पाल : तीन दिवस

माझा सगळ्यात आवडता रस्ता हा.

पहिल्या दिवशी चोपड्याहून अंधार असतानाच निघा. अडावदपर्यंत मोठा रस्ता आहे, तो उजाडता उजाडता संपवायचा. अडावदहून उत्तरेला वळलं की आवाज एकदम खाली बसतो. दोन्हीकडे केळी, पुढं हरभरा आणि समोर सातपुडा निळा दिसत असतो. सहाएक किलोमीटरवर उनपदेव आहे. गोमुखातून बाराही महिने गरम पाणी पडतं. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून हे पाणी काढलं, असं इथले लोक सांगतात. उनपदेव, सुनपदेव आणि निझरदेव अशी तिन्ही नावं एकत्र घेतली जातात. हिवाळ्यात सकाळी त्या पाण्याखाली पाय धरून दहा मिनिटं बसा. पोटऱ्या सैल होतात. साबण लावू नका, तेच पाणी खाली लोक वापरतात.

परत अडावदला येऊन धानोरा, मग किनगावच्या आसपास आडगावचा फाटा. आडगावहून उत्तरेला मनुदेवी. शेवटचा भाग जंगलाचा आहे. रस्ता नदीच्या पात्राला धरून जातो, दगडगोटे आहेत, तिथं उतरून चाला. देवळाच्या मागं कड्यावरून धबधबा पडतो, त्याचं पाणी दिवाळीनंतर कमी होत जातं. म्हणून हा रस्ता कोजागरीनंतर पंधरा दिवसांत केला तर फार सुंदर दिसतो. नवरात्रात जाऊ नका. दर्शनाला जायचं असेल तर जरूर जा, पण सायकल घरी ठेवून, कारण त्या नऊ दिवसांत गाड्यांची रांग हलत नाही. जंगलात गवळीवाड्याचे जुने अवशेष आहेत. ते बघायचे तर गावातलं कोणीतरी बरोबर घ्या.

मुक्काम यावलला. चोपडा ते यावल सरळ ४५ किलोमीटरच्या आसपास आहे, हे दोन फाटे धरले की ७० च्या पुढं जातं. संध्याकाळी पाय चालत असतील तर नदीकाठचा निंबाळकरांचा किल्ला बघून या.

दुसरा दिवस खायचा आहे आणि बघायचा आहे. डोंगर कठोऱ्याच्या बाजूनं न्हावीकडे आणि तिथून फैजपूर. इथं बोली बदलते. चोपड्याकडे अहिराणीत "कथा जाई राहिनात?" असं विचारतात, इकडे लेवा बोलीत "कुठी चालले?" कोणी विचारलं तर थांबून उत्तर द्या. नुसता हात हलवून पुढं गेलात की तो माणूस तुम्हाला विसरतो. थांबलात तर पुढच्या गावात कुणाकडं पाणी प्यायचं, तेही सांगतो.

फैजपूरला थोडा वेळ द्या. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथं भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की काँग्रेसनं शहर सोडून खेड्यात यावं, आणि ते पार पाडायला खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी जिवाचं रान केलं. अधिवेशनाची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी केली, तीही बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी. मी तिथं गेलो की नेहमी विचार करतो, त्या वेळी आसपासच्या गावांतून माणसं कशानं आली असतील? बैलगाडीनं, पायी आणि काही तर नक्की सायकलनं. आपण ज्या वाटांनी जातो त्याच त्या वाटा.

जेवण फैजपूर–सावदा पट्ट्यात करा. थंडीत भरीत मिळेल. या भागातल्या बामणोदची वांगी भरताला नावाजलेली आहेत. हिरवट पांढरी, मोठी, कमी बियांची. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचतात. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी आणि कांद्याची पात. पण पोटभर खाऊ नका. पुढं घाट आहे. मी एकदा भरपूर खाऊन चढलो आणि अर्ध्या घाटात तासभर पडून राहिलो. शेवभाजी आणि वरण-बट्टी मुक्कामाच्या रात्रीसाठी ठेवा. सायकलवर असताना खिशात चार केळी पुरेत. बागेतून स्वतः तोडू नका. मागितलीत तर फणीच्या फणी देतात.

सावद्याहून खिरोदा. धनाजी नानांच्या या गावात चित्रकलेचं महाविद्यालय आहे, एवढ्या आडबाजूच्या खेड्यात. खिरोद्यानंतर शेतं संपतात आणि सागाचं जंगल सुरू होतं. हा यावल अभयारण्याचा भाग. १९६९ साली ते अभयारण्य झालं. चढ लांब आहे, पण एकदम अंगावर येत नाही. सर्वांत हलका गिअर लावा, बोलता येईल एवढाच दम लागू द्या. बोलणं तुटायला लागलं की उतरून शंभर पावलं चाला आणि पुन्हा बसा. पाल सुकी नदीच्या खोऱ्यात आहे. वर पोचलं की हवा लगेच वेगळी लागते, जानेवारीत रात्री दोन पांघरुणं लागतात. मुक्कामाचं आधी फोन करून ठरवा, ऐन वेळी खोली मिळेलच असं नाही.

अभयारण्यात अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. वनखात्याच्या नाक्यावर नाव लिहा. विस्तव पेटवू नका. होळीच्या सुमाराला मोहाची फुलं पडायला लागतात, पहाटे बायामुलं टोपल्या घेऊन ती वेचतात. ते त्यांचं वर्षाचं धान्य आहे, फुलांच्या सड्यावरून सायकल घालू नका. पावरा आणि तडवी लोकांचे पाडे वाटेत लागतील. घर दिसलं म्हणून लगेच मोबाइल वर करू नका. आधी राम राम करा, पाणी मागा, बसा. मग विचारून फोटो काढा. नाही म्हणाले तर नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात ठिकठिकाणी भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने, नाच. त्या दिवशी रस्त्यावर गर्दी असते, तरी तारीख विचारून मुद्दाम जा. फक्त सायकल बाजाराच्या बाहेर कुणाच्या अंगणात लावा.

तिसऱ्या दिवशी रावेरकडे उतरा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम तापते आणि रबर घासून जातं. दाबा, सोडा, दाबा, सोडा. मागचा आधी, मग पुढचा. वळणावर वाळू पसरलेली असते, वेग वळणाच्या आधीच कमी करा. रावेर भुसावळ–खंडवा रेल्वेमार्गावर आहे. गाडीनं परतायचं असेल तर सायकल पार्सलमध्ये बुक करावी लागते. पेडल काढा, हँडल आडवं फिरवून बांधा आणि नावपत्त्याची चिठ्ठी दोन ठिकाणी लावा. एक फाटली तर दुसरी राहते. टपालातली सवय आहे ही.

चाळीसगाव ते पाटणादेवी : एक दिवस

तीन दिवस नसतील तर दक्षिणेला जा. चाळीसगावहून पाटणादेवी १८ किलोमीटर. रस्ता हळूहळू डोंगराच्या कुशीत शिरतो आणि शेवटी तीन बाजूंनी कडे उभे राहतात. चंडिकेचं देऊळ, जवळच जंगलात महादेवाचं हेमाडपंती देऊळ. हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा.

पाटणच्या देवळात इ.स. १२०७ चा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथं मठ काढला, त्याची ही नोंद. 'सिद्धान्तशिरोमणी' शिकवायला राजानं दिलेली देणगी. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी थेट मराठी सुरू होते, "इयां पाटणीं..." या पाटणात जो माल उघडेल, त्यावरचं राजाचं येणं मठाला दिलं, असा व्यवहार त्यात आहे. मी मनिऑर्डरीच्या नोंदवहीत आयुष्य घातलं. कुणी, कुणाला, कशासाठी, किती. ८०० वर्षांपूर्वी कुणीतरी तीच नोंद दगडावर केली, आणि ती गणिताच्या शाळेसाठी, हे समजलं तेव्हा मी त्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिलो होतो.

सायकल देवळापाशी कुलूप लावून ठेवा आणि पायवाटेनं पितळखोऱ्याची लेणी बघून या. इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी आहेत. चढ उन्हाचा आहे, दहाच्या आत वर पोचा. कड्याला आग्या मोहोळ असतं. अत्तर, अगरबत्ती, विडी यातलं काही नको आणि आरडाओरडा नको. परत चाळीसगावला आल्यावर उजेड उरला तर दहा-अकरा किलोमीटरवर वाघळी आहे. तिथला शके ९९१ चा लेख अभ्यासक मोठा मानतात. चाळीसगावहून औट्रम घाटानं कन्नडकडे चढायचा मोह मात्र टाळा. घाट देखणा आहे, पण सायकलला तिथं जागा नाही.

भामेर आणि तोरणमाळ

साक्री तालुक्यात निजामपूरजवळ भामेरचा जुना किल्ला आहे. डोंगरात कोरलेल्या खोल्या, पाण्याची टाकी आणि खाली गावात जुन्या वैभवाचे दगड घराघराच्या भिंतीत बसलेले. तिथून बुराई नदीवरच्या बळसाण्याच्या जुन्या देवळांकडे जाता येतं. रस्ता उघडा आहे, झाड कमी. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या केल्या ते सायकलवर लगेच समजतं. वारा पश्चिमेचा असेल तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जा. उलट गेलात तर सपाटीवरही घाट चढल्यासारखं होतं.

तोरणमाळ शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत. समुद्रसपाटीपासून ११४३ मीटर. आधीचे दोन रस्ते करून झाल्याशिवाय हा करू नका आणि बिनगिअरच्या सायकलवर अजिबात नको. सात वळणांचा घाट पहाटे चढायचा, यशवंत तलावाच्या काठी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर, धुकं विरल्यावर खाली उतरायचं. निघायच्या आधी दोन्ही ब्रेकची रबरं नवीन टाका. राणीपूरच्या वर ती मिळत नाहीत.